साबणाचा पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. वल्लरीचं दुखणं नेमकं उलटं होतं, तिच्या सुंभाला पीळच बसेना. आंबी गावातल्या प्रयोगशाळेत दोन वर्षं ती एका इवल्याशा प्रथिनामागे होती. त्याची सैल साखळी साध्या पाण्यात मळसूत्रासारखी वळली तर पुढं औषधाची आशा, नाहीतर काम बंद.

फेब्रुवारीत ती वळली. यंत्राच्या आलेखात पीळ दाखवणारे दोन खड्डे उमटले आणि वल्लरी खुर्चीतच रडली. प्रयोगशाळेचे प्रमुख मुकुल सर यांनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले. येत्या मंगळवारी कामाला पैसा देणारे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर हाच प्रयोग करून दाखवायचा होता.

रविवारी तिनं सहज तालीम केली. धुण्याचं काम करणाऱ्या बायडाबाईंना सुट्टी, म्हणून काचेच्या कुप्या तिनंच नियमाप्रमाणे सात पाण्यांनी धुतल्या. खड्डे उमटले नाहीत. तीनदा केलं, तरी नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती: आधीच्या कुप्यांत साबण राहिला असेल तर? तिनं मुद्दाम कुपीत साबणाचा एक थेंब टाकला आणि खड्डे हजर झाले. साबण असला की सैल साखळी त्याला बिलगून वळते, हे तिला पाठ होतं. पीळ प्रथिनाचा नव्हता, साबणाचा होता.

सोमवारी बायडाबाई आल्या. कार्ल्याच्या वर डोंगरात त्यांची वाडी, आणि गेली चार वर्षं कुप्या धुण्याचं काम त्यांच्याकडे. साबण लावल्यावर शुद्ध पाण्यानं सात वेळा धुवायचं, असा भिंतीवर नियम होता. वल्लरीनं विचारलं, मावशी, खरं सांगा, किती वेळा धुता?

"दोनदा," बायडाबाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा वतायला हात व्हत न्हाई, ताई. चैतात आमी झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरतो. अन हितं इतकं चांगलं पानी मोरीत सोडायचं?"

वल्लरीला रागवायचं होतं, पण लाजच वाटली. सात वेळा का, हे तिनं मावशींना कधी सांगितलं नव्हतं. आणि धुतलेल्या कुपीत साबण उरलाय का हे तपासायचं, एवढं साधं भानही पेढ्यांच्या गोडीत राहिलं नव्हतं. तिनं आता सगळं समजावून सांगितलं. बायडाबाईंनी ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसले.

"मंग उद्याच्या कुप्या कितींदा धुऊ? दोनदा का सात?"

हे अजून दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनदा म्हटलं असतं तर उद्या टाळ्या पडल्या असत्या, काम चालू राहिलं असतं, मावशींचं पाणीही वाचलं असतं. वल्लरीनं भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं.

"सात," ती म्हणाली.

बायडाबाईंनी दोनदा पाणी घातलं आणि त्यांचा हात थांबला. उरलेलं पाच वेळचं पाणी वल्लरीनं स्वतः ओतलं, मोरीकडे न बघता.