डोकं नसलेल्या पोपटाचा टी-शर्ट

डोकं नसलेला पोपट.

तव्याएवढा चकचकीत डाग, त्याला आंबूस वास.

सात. पुन्हा सात. तिसराही सातच, पण फणीनं विंचरल्यासारखा.

'प्रां'. पुढे काही नाही.

पांढऱ्या अंगठ्याचा ठसा.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध एवढाच की हे सगळं माझ्या अंगावर आहे. मी एक जुना काळा टी-शर्ट आहे. मला आजवर कोणी घातलेलं नाही. तरीही मी जुना आहे, कारण माझ्यावर एक बाई शिकली.

मी कोण

मी शंभर टक्के सुती. कापूस कुठल्या रानातला, हे मला सांगता येणार नाही. सरकीपासून वेगळं होताना कापसाला गावाचं नाव विचारत नाहीत. सूत झालो, कापड झालो, काळ्या रंगात बुडालो, शिवला गेलो आणि एका खोक्यात घडी होऊन नवीन जालन्यात आलो. स्टेशनच्या रस्त्यावर हरिओमभाऊंचं छपाईचं दुकान आहे. वर पत्रा, पुढे शटर. दिवसभर वाढदिवसाचे फ्लेक्स छापायचे, हे तिथलं मुख्य काम.

रेणुका त्या फ्लेक्सच्या कडांना रिंगा ठोकायची. रोज राजूरहून यायची आणि संध्याकाळी परत जायची. दुसऱ्यांचे हसरे चेहरे ताणून धरायचे आणि कोपऱ्यात ठोकायचे. दोन वर्षं तिनं हेच केलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक मशीन चादर पांघरून उभं होतं. कपड्यावर थेट छापणारं. कागदाच्या जागी पाटावर टी-शर्ट ताणून बसवायचा, आणि मशीन त्यावर शाईचे बारीक थेंब सोडत चित्र काढतं. ते चालवणारा माणूस पुण्याला निघून गेला होता. तेव्हापासून मशीन मुकं होतं.

"भाऊ, मी शिकू का?" रेणुकानं एक दिवस विचारलं.

"ताई, ते लई नखऱ्याचं हाय."

"फ्लेक्सवरचे पुढारी काय कमी नखऱ्याचे हायेत?"

हरिओमभाऊ हसले. खोक्यातला सगळ्यात वरचा टी-शर्ट त्यांनी तिच्याकडे फेकला. "घे. खराब करायचा तर हा एकच कर."

तो मी.

छातीवर: पोपट

रेणुकानं मोबाइलवर बघून बघून एका वहीत सगळं लिहिलं होतं. कॉम्प्युटरमध्ये नमुन्याचा एक पोपट होता. तिनं मला पाटावर बसवलं, सुरकुत्या काढल्या आणि बटण दाबलं. मशीनचं शाई सोडणारं डोकं माझ्यावरून सरकू लागलं. मला गुदगुल्या झाल्या.

पोपट आला, पण विहिरीत पडल्यासारखा. रंग माझ्या काळ्या धाग्यांत बुडून गेले. पोपटाचं डोकं छापायच्या आधीच तिनं मशीन बंद केलं.

काळ्या कापडावर नुसता रंग टिकत नाही. आधी एक पातळ द्रव फवारून तो गरम दाबयंत्राखाली वाळवावा लागतो. मग पांढऱ्या शाईचा थर आणि त्याच्यावर बाकीचे रंग. भिंतीला रंगाआधी अस्तर देतात, तसंच हे. रेणुकानं त्या द्रवाचं नावच अस्तर ठेवलं.

पोटावर: डाग

दुसऱ्या दिवशी तिनं अस्तर इतकं फवारलं की मी चिंब झालो. दाबयंत्राखाली माझी वाफ निघाली आणि पोटावर तव्याएवढी चकाकी उमटली. ती अजून आहे. तिसऱ्या दिवशी तिनं मोजून फवारलं. चौथ्या दिवसापासून ती पांढऱ्या शाईची बाटली न चुकता हलवू लागली, कारण पांढरी शाई तळाला बसते. शिकणं म्हणजे काय, हे मला माझ्या पोटावरून कळलं.

पाठीवर: दोन सात

मग आष्टीची प्रांजली आली. मुलींच्या कबड्डी संघाची कर्णधार. बारा टी-शर्ट हवे होते, पुढे नाव आणि पाठीवर आकडा.

"सुतीच पाहिजे ताई," ती म्हणाली. "अन् चिकटवलेला आकडा नको. मागच्या साली मी चढाईला गेल्ते, तर माझा सात मातीत पडला. पंच शिट्टी मारून म्हणतो, हा कुणाचा सात हाय? सगळं मैदान हसून राह्यलं अन् मी बाद."

"आकड्यापायी बाद?"

"न्हाई, तो उचलायला वाकले म्हणून बाद."

रेणुका हसली नाही. तिनं माझ्या पाठीवर लगेच एक सात छापून दाखवला. तो जरा वाकडा आला. दुसरा बरा आला. प्रांजलीनं नख लावून पाहिलं, तो निघाला नाही.

"रविवारी सकाळी आमची गाडी हाय," ती म्हणाली.

प्रांजली गेल्यावर हरिओमभाऊंनी खरी गोष्ट सांगितली. संभाजीनगरच्या एका माणसाला मशीन हवं होतं. सोमवारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

"बारा टी-शर्ट बराबर निघाले तर त्याला न्हाई म्हणतो. मशीन तुमच्या हाताखाली. नसता ताई, रिंगा हायेतच."

रेणुकानं मशीनवरची चादर घडी करून फळीवर ठेवली. ती पुन्हा पांघरायला लागू नये, असं तिच्या मनात होतं. माझ्याही.

डाव्या बाहीवर: विंचरलेला सात

बुधवारी ऊन चढलं. पत्रा तापला. मशीनला त्रास होऊ नये म्हणून रेणुकानं घरून टेबलफॅन आणला आणि त्याच्या अगदी तोंडाशी लावला. स्वतः मात्र घामानं निथळत होती.

गुरुवारी सकाळी तिनं कागदावर रेघा काढून पाहिल्या. मशीनची शाई नीट येते का, हे त्या रेघांवरून कळतं. रेघा तुटक आल्या. तिनं मशीनचं डोकं पुसलं, पुन्हा काढल्या. अजून तुटक. माझ्या बाहीवर सात छापला, तर फणी फिरवल्यासारखा. छातीवर, पोपटाच्या खाली, प्रांजलीचं नाव सुरू केलं. 'प्रां' झालं आणि पांढरी शाई आलीच नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत तेच. पाटावर मी होतो, आणि खोक्यात बारा कोरे टी-शर्ट वाट बघत होते.

"ताई, राग मानू नका," हरिओमभाऊ म्हणाले. "पण तुमचा हात लागल्यापासून मशीन जास्तच बिघडलंय. एकेकाच्या हाताला गुण नसतो."

रेणुकानं मान खाली घातली. तिनं माझ्या बाहीवरचा सात मुठीत धरला होता.

"हाताचं काय काढलंय, भाऊ?"

दारात कडूबाई उभ्या होत्या. रेणुकाच्या सासूबाई. राजूरला त्यांचं रेशमाच्या अळ्यांचं शेड आहे. जालन्याच्या बाजारात कोष विकून त्या सुनेला भेटायला आल्या होत्या. काखेत रिकाम्या गोणपाटांची गुंडाळी, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"या मावशी. मशीन चालंना, बाकी काही न्हाई."

"काय होऊन राह्यलंय याला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"शाई तोंडातच वाळून राह्यली, आत्या. रोज पुसते, रोज वाळते."

कडूबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. पत्र्याकडे बघितलं. मग त्यांची नजर टेबलफॅनवर गेली.

"हा कोणी लावला याच्या तोंडावर?"

"मी. गरम होतंय त्याला."

"अगं बाई! तहानलेल्याला वारा घालून राह्यली तू!" त्यांनी पंख्याची पिनच उपटली. "अळीला असा पंखा लावला असता तर सांजच्याला सूप भरून मेल्या असत्या. ओल किती हाय हितं? मोजत न्हाईत तुम्ही?"

दुकानात फ्लेक्स मोजायची पट्टी होती. ओल मोजायचं काही नव्हतं.

"बादली कुठंय? जल्दी आण."

कडूबाईंनी गोणपाटं बादलीत बुडवली, पिळली आणि खिडकीला, शटरला, मागच्या दाराला टांगली. एक गोणपाट मशीनजवळ नेऊ लागलेल्या रेणुकाचा हात त्यांनी धरला.

"त्याच्यावर थेंब पडू द्यायचा न्हाई. अळीवर बी पाडत न्हाईत. पाणी हवेला पाजायचं. हवा त्याला पाजती."

"मावशी, मशीन म्हणजे काय अळी हाय का?"

"दोघं बी तोंडातूनच काम करतात, भाऊ. तोंड वाळलं की संपलं. हात चांगला हाय पोरीचा, हवा खराब हाय तुमची."

रेणुका हसली. गुरुवारपासून पहिल्यांदा. तिनं मशीनच्या डोक्याखाली साफ करायचा द्रव भरला आणि त्याला तसंच भिजत ठेवलं.

उजव्या बाहीवर: चौथा सात आणि अंगठा

माझ्या पाठीवरच्या दोन सातांना तुम्ही आधी भेटलात. सुरुवातीला मी तीनच सात सांगितले. हा चौथा सांगायचा राहिला, कारण तो इतका नीट आलाय की बाकीच्यांत शोभत नाही.

शनिवारी सकाळी कडूबाई पुन्हा आल्या. "शेड आता रिकामं हाय, घरी काय भिंती राखू?" म्हणाल्या. गोणपाटं पुन्हा ओली केली. रेणुकानं कागदावर रेघा काढल्या. बोटानं एकेक रेघ मोजली. सगळ्या होत्या.

मग माझ्या उजव्या बाहीवर तिनं सात छापला. पांढरा, भरलेला, कडा चाकूनं कापल्यासारख्या. तो खराच आहे का, हे बघायला तिनं ओल्या शाईवर अंगठा ठेवला, आणि तोच अंगठा माझ्या खांद्याला पुसला. हा ठसा तिचा आहे.

दिवसभर एकामागून एक टी-शर्ट पाटावर चढले. अकराव्याला मशीन खाकरल्यासारखं थांबलं. कडूबाई उठल्या, वाळलेलं एक गोणपाट भिजवून आणलं आणि टांगलं. रेणुकानं मशीनचं तोंड पुसलं, रेघा पुन्हा तपासल्या. अकरावा झाला. बारावा झाला. बाराव्यावर प्रांजलीचं पूर्ण नाव होतं.

हरिओमभाऊंनी बाराही टी-शर्ट उजेडात धरून पाहिले. मग फोन लावला. "हां, सोमवारी येऊ नका. न्हाई, मशीन देऊन न्हाई राह्यलो. त्याला सासू भेटली."

"सासू असल्याबिगर कोणी सरळ चाललंय का?" कडूबाई म्हणाल्या आणि भाकरीचं फडकं सोडलं.

प्रांजलीचा संघ दुसऱ्या सामन्यात हरला. पण महिन्यानं ती दुकानात आली, तेव्हा धुऊन धुऊन मऊ झालेल्या तिच्या टी-शर्टवर सात तसाच होता. मला हे जिंकल्यासारखंच वाटलं.

आता

आता मी मशीनच्या शेजारी खिळ्याला असतो. कोणी नवीन शिकायला आलं की रेणुका आधी मला खाली काढते. "हे बघ, हा पोपट माझा," ती सांगते. मग ओल मोजायचा काटा दाखवते. तो कडूबाईंनी शेडमधून आणून दिला आहे. फ्लेक्सच्या रिंगा हरिओमभाऊ स्वतः ठोकतात आणि दर वेळी बोटावर मारून घेतात.

मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या हातून जे पहिल्यांदा बिघडेल, ते फेकू नका. खिळ्याला लावा. आणि एखादी वस्तू, एखादा जीव किंवा एखादं माणूस तुमच्याकडे चालेनासं झालं, तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या भोवतीची हवा बघा. त्याला वारा हवा आहे की पाणी, हे विचारा. मायेनं लावलेला पंखासुद्धा घसा कोरडा करतो.

रेणुका लग्न होऊन राजूरला आली, त्याच उन्हाळ्यात कडूबाईंच्या सगळ्या अळ्या मेल्या होत्या, आणि गाव सुनेचा पायगुण काढत असताना कडूबाई शेडला ओली गोणपाटं टांगत होत्या.