पन्हळीचं तोंड

लिओपोल्ड ब्राखची ख्याती अशी, की प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार. टेकडीवरच्या प्रयोगशाळेत बाकीचे पानंच्या पानं गणितं करत बसायचे, तेव्हा हा छताकडे बघून आकडा सांगायचा आणि तो बरोबर निघायचा. वाळवंटातल्या चाचणीत पहिला अणुबाँब किती जोराने फुटेल हेही त्याने असंच सांगितलं होतं. पुढे पदकं मिळाली, त्याच्या नावाचं सभागृह झालं.

शहात्तराव्या वर्षी जुने कागद चाळताना त्याला स्वतःच्याच अक्षरातला एक तक्ता सापडला. राख पडणाऱ्या पट्ट्यात माणसं किती? त्याने लिहिलं होतं, शून्य. नकाशावर घरं काढलेली नव्हती, म्हणून शून्य. एवढा हुशार माणूस, पण टेकडी उतरून बघून यावं असं काही त्याला सुचलं नाही.

चौकशी करून, आधी पत्र धाडून, तो तक्ता खिशात घेऊन तो एल सालादोला गेला. वाळवंटातलं वीस-पंचवीस घरांचं गाव. तिथे एफेमिया लुसेरो आपल्या आईबापांच्याच घरात एकटी राहत होती. त्या राखेनंतर तिची आई आणि तीन भाऊ एकामागून एक कॅन्सरने गेले होते. बाई शिव्या देईल, कदाचित तोंडावर थुंकेल, अशी ब्राखची अपेक्षा होती. तेवढं झालं तर आपण सुटलो, असं त्याला वाटत होतं.

तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, लाल मिरचीचा रस्सा पुढे ठेवला आणि तक्ता उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे आम्ही नव्हतोच म्हणा ना," ती म्हणाली. "मग माझी आई रोज ढीगभर तोर्तिया लाटायची, त्या काय भुतांसाठी?"

चुकलो, असं तो तीनदा म्हणाला. तिने नुसता हात झटकला. तिला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. ते तिने चाळीस वर्षांत पाद्रीबाबालाही सांगितलं नव्हतं.

गावच्या विहिरी खारट, प्यायचं पाणी छपरावरचं. पाऊस आला की पन्हळीचं तोंड आधी अंगणाकडे वळवायचं, छप्पर धुऊन जाऊ द्यायचं आणि मग ते टाकीकडे फिरवायचं. त्यांच्या घरी हे काम थोरल्या लेकीचं. त्या पहाटे आभाळ पेटलं, दिवसभर पिठासारखी राख पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. एफेमिया तेव्हा नऊ वर्षांची. टाकीचा तळ दिसत होता, आई घोट घोट पाणी देत होती. थेंबही वाया जायला नको म्हणून पोरीने पन्हळ अंगणाकडे वळवलीच नाही. सगळं पाणी टाकीत घेतलं.

"आईने शाबासकी दिली मला," एफेमिया म्हणाली. "आता तुम्ही एवढे आकड्यांतले, तुम्हीच सांगा. मी पन्हळ वळवली असती, तर ते वाचले असते का?"

ब्राखने सवयीने छताकडे बघितलं. छप्पर केवढं ते त्याने येतानाच पाहिलं होतं, राखेचा अंदाज खिशातल्या तक्त्यात होता. दहातले नऊ हिस्से राख त्या पहिल्या पाण्याबरोबर अंगणात गेली असती. उत्तर प्रश्न संपायच्या आतच आलं होतं. खरं बोलायला तो दोनशे मैल आला होता, आणि खरं बोललं तर स्वतःचं पाप नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवून जावं लागणार होतं. चुलीवर कॉफी उतू गेली, तरी कोणी उठलं नाही.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "काही फरक पडला नसता. सगळं हवेतच होतं. तुमचा काही दोष नाही."

एफेमियाने हातातल्या फडक्याची नीट घडी घातली.

"तुमचं पत्र आलं, तेव्हा गावच्या शाळेतल्या मास्तरांनी तुमच्यावरचा एक लेख वाचून दाखवला," ती म्हणाली. "तुम्हाला म्हणे उत्तराला वेळ लागत नाही. आत्ता फार लागला, डॉक्टर."

तिने त्याची ताटली उचलली. रस्सा तसाच होता. निरोप न घेताच तो बाहेर पडला आणि गाडीत जाऊन बसला. काचेतून त्याला ती अंगणात आलेली दिसली. पन्हळीचं गंजलेलं तोंड दोन्ही हातांनी धरून ती ते जोर लावून अंगणाकडे वळवत होती. आभाळात एकही ढग नव्हता.