बोटीवर गेलेला कॅरम

मित्रांनो, मी एक जुना कॅरम आहे आणि समुद्र पाहून आलेला आहे. नागपूरच्या कॅरमाला समुद्राशी काय देणंघेणं, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगायला बसलो आहे. गोष्ट फारशी आनंदाची नाही, पण ऐका.

मला घडवलं खापा गावच्या धोंडबा सुतारानं. सागाची चौकट, गुळगुळीत पाट आणि चार कोपऱ्यांत सुतळीच्या जाळ्या. नागपूरच्या धरमपेठेतले संत्र्यांचे व्यापारी देवराव मूळचे खाप्याचे. त्यांनी आपल्या मुलासाठी, श्रीधरसाठी, मला बनवून घेतलं. श्रीधर तेव्हा दहा वर्षांचा होता आणि त्याची बहीण वच्छला सात. उन्हाळ्याच्या दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून सगळं घर माझ्याभोवती बसे. नेम धरताना देवरावांची जीभ बाहेर येई. राणी मात्र हटकून श्रीधरच घ्यायचा, आणि देवराव त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वा रे पठ्ठ्या!" आपल्याइतकं सुखी लाकूड साऱ्या विदर्भात नसेल, असं मला वाटे.

श्रीधर मोठा झाला, मॅट्रिकला बसला आणि नापास झाला. ते १९७० साल होतं. खरी गोष्ट अशी, की त्या वर्षी संत्र्यांचा बहार जोरात होता. माणसं कमी पडली म्हणून देवरावांनीच ऐन अभ्यासाचे दोन महिने त्याला गोदामात पेट्या भरायला बसवलं होतं. मला तर त्यानं दिवाळीपासून हातसुद्धा लावला नव्हता. पण निकालाच्या दिवशी शेजारीपाजारी जमले आणि देवरावांना आपली चूक कबूल करवेना. त्यांनी मला उचललं आणि ओरडले, "ह्या पाटानं पोराचं वाटोळं केलं!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

श्रीधर एवढंच म्हणाला, "अन् गोदामात मले कोनं बसवलं, बाबा?"

सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत बसली. मी माळ्यावर गेलो.

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं संपलं. बापानं विचारलं तर पोराचं उत्तर "हो", नाहीतर "नाही". वर्षभर माळ्यावर धूळ खात मी ते ऐकत होतो.

पुढच्या मे महिन्यात देवरावांनी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बोटीची चार तिकिटं काढली. घरात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. मुलांची आई गोपिकाबाई काळजीनं म्हणाली, "चोवीस घंटे बोटीवर पोरं काय करतीन जी? लहान थोडीच हायेत आता. कंटाळून जातीन."

देवराव उठले. स्टूल घेऊन स्वतः वर चढले, मला खाली काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि संत्र्यांसारखं तणसात घालून पोत्यात शिवलं. मला तेव्हाच कळलं. माफी मागायला त्यांना तोंड नव्हतं, म्हणून ते मला घेऊन निघाले होते.

आता देवरावांना ठाऊक असलेली नाव म्हणजे खाप्याच्या कन्हान नदीतली. बोट म्हणजे तशीच, फक्त मोठी, अशी त्यांची समजूत. भाऊच्या धक्क्यावरचा हमाल पोतं चाचपून हसला, तेव्हा तो का हसला हे आम्हां दोघांनाही उमगलं नाही.

दुपारी बोट भर समुद्रात आली. डेकवर सतरंज्या पसरल्या होत्या. कुठे पत्ते चालले होते, कुठे गाण्याच्या भेंड्या. देवरावांनी ट्रंकेवर मला मांडलं, पावडर टाकली, मधोमध राणी ठेवली, भोवती सोंगट्या रचल्या. पाच-सहा अनोळखी पोरं जमली. श्रीधर कठड्याशी एकटाच उभा होता.

"ये गा श्रीधर," देवराव म्हणाले. "पह्यला डाव तुहा."

श्रीधर वळला. एक पाऊल पुढेही आला. तेवढ्यात बोट एका अंगाला कलली आणि साऱ्या सोंगट्या सरसर घसरून डेकवर सांडल्या. पोरं खो खो हसली. वच्छलालाही हसू आवरेना. देवराव कसंनुसं हसले आणि पुन्हा मांडू लागले. पुन्हा बोट कलली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांचं कुंपण करून सोंगट्या धरून ठेवल्या.

"ये लवकर. मी धरून राहिलो ना!"

"काका, समुद्रावर कॅरम कोण आणतं?" एक पोरगा म्हणाला. श्रीधर शरमेनं लाल झाला. मोठी लाट आली, देवरावांचे हात सुटले, आणि मग तो साठ पेट्या एका दमात उतरवून घेणारा व्यापारी लोकांच्या पायांतून रांगत सोंगट्या वेचू लागला.

राणी घरंगळत श्रीधरच्या चपलेशी थांबली होती. त्यानं वाकून ती उचलली आणि मूठ मिटली. मी समोरच होतो, स्वच्छ पाहिलं.

"राणी दिसली का गा?" देवरावांनी खालूनच विचारलं. "समुद्रात त नाही पडली?"

श्रीधर पाण्याकडे पाहत म्हणाला, "पडली."

देवरावांनी वेचलेल्या सोंगट्या धोतराच्या सोग्यात बांधल्या. मग म्हणाले, "जाऊ दे. घरी खेळू." मित्रांनो, लाकडाला तोंड असतं तर मी तिथंच ओरडलो असतो.

पुढे श्रीधर पास झाला, भिलाईला नोकरीला लागला, फक्त दिवाळीला घरी येऊ लागला. दर दिवाळीच्या दुपारी देवराव एका पांढऱ्या सोंगटीला कुंकू माखून तिची राणी करत आणि मला ओसरीत मांडत. "एक डाव, श्रीधर?"

"राणी नाही ना, बाबा."

अशा बारा दिवाळ्या गेल्या. माझ्या जाळ्या फाटल्या, एका कडेला ओल धरली, वच्छला लग्न होऊन गेली. माझ्या मधोमध कुंकवाचा डाग पडला, तो अजून आहे.

१९८३ च्या उन्हाळ्यात देवराव गेले. तेरावं झाल्यावर श्रीधरनं मला आपण होऊन खाली काढलं. खिशातून राणी काढली आणि त्या डागावर ठेवली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"पडली नव्हती वं माय," तो गोपिकाबाईला म्हणाला. "मीच लपवली होती. बाबाले सांगाचं राहून गेलं."

गोपिकाबाईनं राणीवर बोट टेकवलं. "त्यायले माहीत होतं, बाप्पा. बोटीवर तुले उचलताना पाह्यलं होतं त्यायनं. मी म्हटलं, मागा ना मंग त्याले. त म्हने, मागाची नाही. राग उतरला का तोच आपल्या हातानं आणून ठेवीन. म्हणून त दर दिवाळीले मांडत."

श्रीधरनं स्ट्रायकर हातात घेतला, पण मारला नाही. माझ्या पलीकडची बाजू रिकामी होती. तो ढसाढसा रडला, आणि मीही रडलो असतो.

मित्रांनो, कॅरमाला ओलीपासून जपा, त्याच्यावर गरम भांडं ठेवू नका, अधूनमधून पावडर टाका. लाकडाचं एवढंच मागणं असतं. माणसांची निगा कशी राखतात ते मला नीट ठाऊक नाही. पण रागाच्या भरात कुणाची राणी तुमच्या मुठीत राहून गेली असेल, तर समोर बसणारा आहे तोवरच ती पाटावर ठेवा. माझ्या सोंगट्या आता पुऱ्या आहेत. खेळायला कोणी बसत नाही.