माझ्या अंगावरचा इंग्रजी शब्द

मी एक जुनी तरटाची गोणी आहे. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते, तेव्हा मी भातकुलीच्या भगवंतरावांच्या घरी आले. मित्रांनो, काय माझा थाट होता म्हणून सांगू!

त्यांच्या बायकोने, सुभद्राने, निवडून वेचलेला कापूस माझ्यात भरला. त्यातली रुई विकायची आणि उरलेल्या सरकीवर पुढची पेरणी व्हायची होती. अमरावतीला जाताना गाडी नाल्यात रुतली आणि मी भिजले. वरून सुकले, पण आत ओल राहिली.

बाजारात सरकारी कारकून बापूसाहेब माल तपासत. त्यांनी माझ्यात हात घातला, शाईने माझ्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढच्या बाजारी आण."

"सायेब, काय लिवलं जी?" भगवंतरावांनी विचारलं.

"इंग्रजी आहे. तुला काय कळणार? हो पुढे, गाड्या खोळंबल्यात."

साऱ्या रांगेत इंग्रजी अक्षरं माझ्या एकटीच्याच अंगावर! भगवंतरावांना वाटलं, हा सरकारी मान. त्यांनी मला देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. सुभद्राने अक्षरांना हळदकुंकू वाहिलं. गाव बघायला लोटलं.

इकडे आतल्या ओलीने कापूस तापून माझ्या पोटात आग पडली होती. एकदा सुभद्राचा हात लागला.

"अवो, हे आतून तापून राह्यलं. सोडू का?"

"येडी झाली का? सरकारचं लिवलेलं हाय त्यावर. सोडलं तं मान जाईन."

तिने हात मागे घेतला. मला बोलता आलं असतं तर!

पुढच्या बाजारी माझं तोंड सोडलं आणि बापूसाहेबांनी नाकाला उपरणं लावलं. "अरे, लिहिलं होतं ना मी? डॅम्प! म्हणजे ओलसर. उन्हात पसरायचं सोडून हे काय केलंस?"

भगवंतरावांनी सरकी दाताखाली धरली. ती कुजली होती.  सोबत आलेली सुभद्रा बोलली, "मंग तवाच मराठीत कावून नाई सांगतलं जी? आता पेरू काय आमी?"



आता मी उंबऱ्याशी पडून असते. सुभद्रा तूर, गोधडी, लेकराचं दुपटं, हाती येईल ते चाचपते आणि घाबरून विचारते, "डॅम्प तं नाई ना?"

मित्रांनो, नवा शब्द भेटला की अर्थ विचारायला लाजू नका. आणि तुम्हाला तो येत असेल, तर समोरच्याला त्याच्या भाषेत सांगा. "ओली आहे, वाळव," एवढं म्हणायला बापूसाहेबांना कितीसा वेळ लागला असता?