धुक्यावर पहिला पाय

“सांगतो ते तुम्हांला पटायचं नाही,” असं आधीच बजावून आयव्हर सुंडक्विस्टने टोपी काढली आणि माजी सैनिकांच्या मंडळातल्या टेबलावर उलटी ठेवली. बाहेर सरोवर गोठलं होतं. खिडकीतून नुसता पांढरा उजेड आत येत होता.

“आधी नियम ऐक,” अध्यक्ष क्लॅरन्स म्हणाला. “लढाईच्या काळात परदेशच्या जमिनीला ज्याचा पाय लागला, तोच सभासद. तू सगळी लढाई कान्सासमध्ये बटाटे सोलत काढलीस.”

“आणि सालीबरोबर निम्मा बटाटा घालवलास,” शेजारच्या ड्यूईने पुस्ती जोडली.

आयव्हर हसला नाही. उद्या त्याच्या धाकट्या भावाला, नेल्सला, पुरायचं होतं. नेल्स कोरियात लढलेला. थडग्यापाशी बंदुकीची सलामी द्यायची ती सभासदांनीच. बाकीच्यांनी मागे उभं राहून टोप्या काढायच्या. आयव्हरला सलामीच्या रांगेत उभं राहायचं होतं, एवढंच.

“लागलाय पाय,” तो म्हणाला. “कोरियाला. जहाज बंदराबाहेर अडकलेलं. पहाटे धुकं आलं. इतकं दाट की खलाशानं त्यात झाडू खोचला, तर तो उभाच राहिला. मी कठड्यावरून पाय खाली सोडला. गादीसारखं जरा दबलं, पण धरलं त्यानं. मग काय, निघालो चालत. खालून मासे बघतायत.”

“मासे?”

“तोंडं उघडी टाकून. तुझ्यासारखी.”

“अरे, बोलू दे त्याला,” क्लॅरन्सने ड्यूईला दटावलं.

“किनाऱ्यावर एक म्हातारी बसलेली. तिनं मला एक नारिंगी फळ दिलं. मऊ, आत नुसता मध. ते खाल्लं, बुटांत साठलेलं धुकं झटकलं आणि ऊन चढायच्या आत माघारी फिरलो. एकटा गेलो, एकटा आलो.”

ही गोष्ट दर हिवाळ्यात याच टेबलावर रंगायची, पण सांगणारा नेल्स असायचा, आणि धुक्यावरून चालणाराही तो एकटाच. आयव्हरला इथं बसायची मुभा नव्हती; त्यानं ती घरीच, चुलीपाशी ऐकलेली.

टोपीची कड त्याच्या बोटांत फिरत राहिली. क्लॅरन्सने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“साफ खोटं!” तो एकदम मोठ्यानं म्हणाला. “एकटा कसला गेलास? नेल्सनं शंभरदा सांगितलंय आम्हांला. धुक्यावर पाय टाकायला तो घाबरत होता, लेका. तू पुढं झालास, म्हणून तो तुझ्या मागनं आला.”