लाकडी पेटी, एक

१८०९ साली व्हिएन्नाला तह झाला आणि सावा नदीची सरहद्द झाली. अलीकडचा काठ ऑस्ट्रियाच्या बादशहाला, पलीकडचा नेपोलियनला. नकाशावर रेघ फार देखणी आली असणार. गावाची दफनभूमी पलीकडे आहे, एवढं मात्र नकाशात नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये म्हाताऱ्या ब्लाझची बायको यागा गेली. त्यांची तिन्ही मुलं लहानपणीच वारलेली; त्यांच्या शेजारची जागा यागाने स्वतःसाठी राखून ठेवली होती. श्तेफ नावाड्याने शवपेटी नावेत चढवली, तोच नाक्यावरचा कारकून वेन्झेल वही घेऊन आला.

"परवाना?"

"मेलीय ती, साहेब," ब्लाझ म्हणाला.

"ते दिसतंय मला. परत कधी येणार?"

"शेवटच्या न्यायाच्या दिवशी," श्तेफ म्हणाला. "नक्की तारीख पाद्रीबाबांना विचारून कळवतो."

वेन्झेल दुष्ट नव्हता, नुसता कारकून होता. त्याने नियम चाळले. माणसाला परवाना लागत होता. सामानाला नोंद पुरत होती. त्याने लिहिलं, ‘लाकडी पेटी, एक. बंद.’ वर शिक्का मारला. पलीकडचा फ्रेंच शिपाई शिक्का पाहिला की मजकूर वाचत नसे.

ब्लाझने नावेत पाय टाकला.

"तुम्ही कुठे, काका?"

"तिला पोचवायला."

"तुम्ही सामान नाही. तुमचा परवाना झाग्रेबहून येणार. सहा आठवडे."

"तोवर ती कशी थांबेल?"

"म्हणून तर तिला सोडतोय."

ब्लाझ पेटीकडे बघत राहिला. "चव्वेचाळीस वर्षांत एकटी कुठे गेली नाही हो ती. जत्रेलासुद्धा नाही."

"इथेच पुरायची का मग?" श्तेफने हळूच विचारलं. "वरच्या शेतात? रोज जाता येईल तुम्हाला."

ब्लाझने वर शेताकडे पाहिलं, मग नदीपलीकडे. वेन्झेलने घाई केली नाही.

"मुलांजवळ जाऊ दे," शेवटी ब्लाझ म्हणाला. पहिली माती नवऱ्याने टाकायची असते. त्याने काठावरची मूठभर माती रुमालात बांधली आणि श्तेफच्या हातात दिली.

"त्यात काय आहे?" वेन्झेलने विचारलं.

"माती."

वेन्झेलने वही उघडली, आणि मिटली.

नाव पलीकडे लागली. तिथे थांबलेल्या पलीकडच्या चौघांनी पेटी उचलली आणि वाळुंजांच्या झाडांमागे गेले. त्यापुढचं इथून दिसत नव्हतं. घंटा तेवढी ऐकू येत होती. ब्लाझ टोपी हातात धरून उभा राहिला. घंटा थांबली, तेव्हा पुरून झालं असावं असं त्याने धरलं, आणि टोपी डोक्यावर घातली.