काशीनाथच्या वाट्याची दहा मुलं

काशीनाथ म्हात्रेने बावीस वर्षांत मुंबईतल्या म्युझियमांच्या दारात शाळांच्या किती सहली नेऊन सोडल्या असतील, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वरसाव्याला पुलाच्या अलीकडे त्याचं घर आणि घरासमोर त्याची बस. डिसेंबर लागला की मिरा-भायंदरच्या शाळा त्यालाच फोन करायच्या. कुठल्या म्युझियमला गाडी कुठे लावायची, हवालदार कुठे हटकतो, वडापाव कुणाकडचा ताजा असतो, सगळं त्याला पाठ. आत मात्र तो एकदाही गेला नव्हता. गाडी सोडून जायचं कसं, हे एक कारण. दुसरं तो कुणाला सांगत नसे. त्याची शाळा सातवीत सुटलेली. काचेपुढे उभं राहून पाट्या वाचणं आपल्यासारख्याचं काम नव्हे, असं त्याने धरूनच टाकलं होतं.

त्या शनिवारी तर त्याचं सहलीत लक्षच नव्हतं. घरात आठ दिवस अबोला होता. मुलगी स्वप्नाली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, इतिहास घेऊन. पुढे तिला पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकायचं होतं. काशीनाथने इकडे भायंदरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. बसून काम, घरापासून वीस मिनिटांवर. ती नको म्हणाली तेव्हा तो चिडून बोलून गेला, "दोन वर्षं पुन्यात ऱ्हाऊन जुनं दगड मोजायला शिकनार? त्याच्यावर कुनाचं पोट भरतं का?" तेव्हापासून स्वप्नाली चहाचा कप त्याच्यासमोर ठेवायची आणि आत निघून जायची.

सहावीची चाळीस मुलं आणि जितेंद्र सर, मिनल मॅडम, दोन पालक अशी चार मोठी माणसं घेऊन बस सकाळी आधी भायखळ्याच्या म्युझियमला गेली. काशीनाथ नेहमीसारखा गाडीतच बसला. दीड तासाने मुलं परत आली ती जितेंद्र सरांना धरून. फोटो काढता काढता मागे सरकताना सर पायरीवरून घसरले होते आणि त्यांचा घोटा सुजून टम्म झाला होता. केमिस्टकडून क्रेप बँडेज आणलं, सर मागच्या सीटवर पाय लांब करून बसले, आणि दुपारचे डबे खाऊन गाडी फोर्टातल्या मोठ्या म्युझियमकडे निघाली.

तिथे पोचल्यावर अडचण उभी राहिली. शाळेचा नियम कडक होता, दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. मिनल मॅडम आणि दोन पालक यांच्या वाट्याला तीस मुलं गेली. सरांची दहा उरली.

मिनल मॅडम ड्रायव्हरच्या सीटपाशी आल्या. "काशीनाथदादा, ही दहा मुलं तुम्ही घ्याल?"

"मी? मॅडम, मला आतलं काय माहीत नाही. आणि गाडी?"

"गाडीत मी आहेच ना," मागून जितेंद्र सर म्हणाले. "या पायाने कुठे पळून जातोय?"

आता कारण उरलं नव्हतं. काशीनाथने आरशात बघून केस सारखे केले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दहा मुलांच्या पाच जोड्या करून तो आत शिरला.

आत थंडावा होता आणि छत खूप उंच होतं. पहिल्याच दालनात दगडी मूर्ती होत्या आणि तिथेच प्रश्न सुरू झाले. "अंकल, हा कोण?" "अंकल, याचा हात कुणी तोडला?" काशीनाथला घाम फुटला. मग त्याला एक सुचलं. "तूच वाच आनि मला सांग," तो म्हणाला. "मला कळलं तर तुझं बरोबर." हे मुलांना फारच आवडलं. ती पाळीपाळीने पाट्या वाचायला लागली, वाचलेलं त्याला समजावायला लागली, एकमेकांशी वाद घालायला लागली. एका मूर्तीची सोळाशे वर्षं म्हणजे किती आजोबा मागे, याचा हिशोब तर त्यांनी जमिनीवर बसून बोटांवर केला.

एका दगडी पट्टीवर रथ कोरला होता. मागे राजा ऐटीत बसलेला आणि पुढे सारथी.

"अंकल, हे बघा तुम्ही!" एक मुलगा ओरडला आणि सगळी खिदळली.

काशीनाथही हसला. पण मुलं पुढे सरकली तरी तो तिथेच वाकून बघत राहिला. सारथ्याच्या बोटांमधून लगाम गेलेला दिसत होता. प्रत्येक बोट वेगळं होतं. राजाचा चेहरा पार झिजला होता. ज्या कुणी हे कोरलं त्याने गाडी हाकणाऱ्याच्या हातावर एवढी मेहनत का घेतली असेल, याचं त्याला नवल वाटलं.

तो सरळ उभा राहिला आणि सवयीने मुलं मोजली. नऊ. परत मोजली. नऊच. चष्मा लावणारी, सकाळपासून कुणाशी फारसं न बोललेली हिना दिसत नव्हती.

नऊ जणांना बाकावर बसवून, वॉचमनला "भाई, जरा इनको देखना" सांगून तो सुटला. एक दालन, दुसरं दालन, जिना, पुन्हा खाली. कुणाच्या तरी लेकरावर लक्ष ठेवायचं तेवढं एक काम होतं आणि आपण दगडाकडे बघत बसलो, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. एका कोपऱ्यात दार उघडं असलेली लहानशी खोली होती. आत टेबलावर दिवा लावून एक तरुण बाई काम करत होती आणि उंबऱ्याशी हिना उभी होती. तिची बडबड चालली होती.

काशीनाथने नुसता हिनाच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमची मुलगी? सॉरी हां, मीच बोलत बसली तिच्याशी," ती बाई उठून म्हणाली. "खूप छान प्रश्न विचारते."

"अंकल, ही ताई मडकं जोडतेय," हिना म्हणाली. "त्याचे एकशे अकरा तुकडे होते!"

काशीनाथने बाकीच्या नऊ जणांनाही तिथेच आणलं. त्या बाईचं नाव हेमाली. खाडीकाठच्या एका जागी सापडलेलं मडकं ती जोडत होती. अर्धं उभं राहिलं होतं, बाकीचे तुकडे वाळूच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवले होते. मधे मधे फिकट रंगाची ठिगळं दिसत होती.

"ही जागा अशी का?" काशीनाथने विचारलं.

"तिथला तुकडा मिळालाच नाही, काका. तो भाग आम्ही भरलाय. रंग मुद्दाम वेगळा ठेवतो. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, जुनं किती आणि आमचं किती."

"आम्ही तर गाडीचा डेंट असा काढतो, की कुनाला कळता कामा नये."

हेमाली मोठ्याने हसली. "आमच्यात तसं केलं तर नोकरी जाईल."

नोकरी म्हटल्यावर काशीनाथला राहवेना. मुलं तुकड्यांचे नंबर वाचण्यात गुंतली आहेत हे बघून त्याने हळूच विचारलं, "ताई, याच्यावर भागतं का हो?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "खरं सांगू? पहिली दोन वर्षं नाही भागलं. अजून पण कॉन्ट्रॅक्टवर आहे, दर वर्षी नवीन कागद. पण काम आहे, काका. शिकलेली माणसं कमी पडतात."

"राहता कुठे?"

"भायंदर. जेसल पार्क."

"आरं, म्हणजे आमच्याकडच्याच!" काशीनाथ एकदम मोकळा झाला. "आनि घरी चालतं सगळ्यांना?"

"पप्पांचं तिकडे दुकान आहे. आधी बोलायचे, हे काय भंगारवाल्याचं काम. आता गिऱ्हाइकांना सांगतात, माझी मुलगी म्युझियममध्ये डॉक्टर आहे."

मग काशीनाथने स्वप्नालीचं सांगितलं. पुणं, पुरातत्त्व, सगळं. आपण काय बोललो होतो तेही सांगितलं, आणि सांगताना खाली बघितलं. हेमालीने उपदेश केला नाही. तिने एका कागदावर आपला नंबर लिहिला. "तिला फोन करायला सांगा. कोर्स कठीण आहे, उन्हात काम असतं, ते पण सांगेन. गोड गोड नाही बोलणार."

परतीच्या वाटेवर मुलं दहिसरपर्यंत गात होती, मग एकेक झोपली. शाळेच्या गेटवर काशीनाथने आपली दहा मुलं पुन्हा मोजून उतरवली. हिनाने खाली उतरून त्याला हात केला.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. बायको शालू ओट्यापाशी कोळंबी सोलत होती. स्वप्नाली चहा घेऊन आली, कप ठेवला आणि वळली.

"थांब जरा," काशीनाथ म्हणाला. पुढे काय बोलायचं ते त्याने शाळेच्या गेटपासून ठरवत आणलं होतं, पण सगळं विसरला. "आज मी आत गेलतो."

"कुठे आत?"

"म्युझियमात."

स्वप्नाली खुर्चीच्या कडेवर बसली. त्याने सगळं सांगितलं. हिना हरवली ते, मडकं, वेगळ्या रंगाची ठिगळं, जेसल पार्कची हेमाली. सांगताना तो हातवारे करत होता. स्वप्नाली मधेच म्हणाली, "बाबा, ते जोडणं म्हणजे संवर्धन. मी उत्खनन म्हणतेय. ते वेगळं." मग त्याने विचारलं, खणायचं कुठे ते कसं कळतं? ती सांगत राहिली, तो विचारत राहिला. चहा तसाच गार झाला.

शेवटी त्याने खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. "हिला फोन कर. आनि ते दगडाचं मी बोललो ना... तसं बोलायला नको हुतं."

स्वप्नालीने कागदावरचा नंबर वाचला. तिचे डोळे भरून आले होते. "हॉस्टेल स्वस्त न्हाय बाबा," ती म्हणाली. घरातली बोली तिच्या तोंडी बऱ्याच दिवसांनी आली होती.

"ते बघू. मंगलवारी माझी गाडी मोकली हाय. आपन दोघं जाऊन हॉस्टेल बघून येऊ, कॉलेजात पन विचारू. लांब हाय, म्हनून मला भ्या वाटतं, ते काय खोटं न्हाय. पन बघितल्याबिगर न्हाय म्हननार न्हाय."

ओट्यापासून शालूचा आवाज आला. "दोघं कशाला? मी काय इथं कोलंबी सोलत बसू? मी पन येनार."

"मग पहाटे पाचला निघायचं," काशीनाथ म्हणाला, आणि गार चहा एका घोटात पिऊन टाकला.